बगळा रंगवणारा बाझीय

पिएर-ओग्युस्त रेन्वारने 1867 साली आपला चित्रकार मित्र फ्रेदेरिक बाझीय याचे तैलरंगात जे व्यक्तिचित्र काढले, त्यात बाझीय आपल्याकडे पाहत नाही; तो कामात आहे. खुर्चीत पुढे वाकून, पाठीला पोक काढून, पॅलेट आणि ब्रश सांभाळत तो ईझलवरच्या कॅनव्हासकडे पाहतो आहे, आणि त्याचे लांबलचक पाय समोरच्या जागेत कसेबसे सामावले आहेत. चेहरा बाजूने दिसतो, तोही खाली झुकलेला. सुमारे 105 सेंटिमीटर उंच आणि 73 सेंटिमीटर रुंद असे हे चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. त्याच संग्रहालयात रेन्वारची उन्हाने न्हालेली, गर्दीने गजबजलेली प्रसिद्ध चित्रे असल्यामुळे बहुतेक लोक या करड्या चित्रावरून नजर फिरवून पुढे जातात. मला मात्र रेन्वारच्या सुरुवातीच्या काळातले हे सर्वांत प्रामाणिक चित्र वाटते, कारण चार तरुण चित्रकार एकाच खोलीच्या, एकाच चुलीच्या आणि एकाच मॉडेलच्या आधाराने कसे जगत होते, हे त्यात कोणताही आव न आणता नोंदवले गेले आहे.

आधी रंगांविषयी. चित्रात जवळजवळ सर्वत्र करडा रंग आहे, पण तो एकच एक करडा नव्हे. बाझीयच्या कपड्यांचा करडा तपकिरीकडे झुकतो, मागच्या भिंतीचा थंड आहे, तर भिंतीवर टांगलेल्या बर्फाच्या चित्रातला पांढऱ्याच्या जवळ जातो. या साऱ्या संयमात बाझीयच्या पायांतल्या घरगुती सपातांवर तेवढा लालसर रंग आहे. पुढे आयुष्यभर लाल, गुलाबी आणि निळ्या रंगांची उधळण करणाऱ्या माणसाने वयाच्या सव्विसाव्या वर्षी लाल रंग इतक्या काटकसरीने वापरावा, याची गंमत वाटते. त्या सपाताही महत्त्वाच्या आहेत. एकोणिसाव्या शतकात चित्रकाराचे व्यक्तिचित्र म्हटले की मखमली कोट, टोपी, पुतळे, पडदे असा थाट मांडण्याची रीत होती. इथे चित्रकार घरातल्या कपड्यांत, घरातल्या पादत्राणांत बसला आहे, आणि मागे भिंतीला टेकवून ठेवलेल्या कॅनव्हासच्या चौकटी दिसतात.

भिंतीवरचे बर्फाचे चित्र क्लोद मोनेचे आहे. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील ओंफ्लर गावाजवळच्या सें-सिमेओं शेतवाडीकडे जाणारा बर्फाळ रस्ता मोनेने त्या काळात अनेकदा रंगवला, आणि हे चित्र त्याच मालिकेतले. बाझीय समोरच्या कॅनव्हासवर मेलेला राखी बगळा रंगवतो आहे. त्याच वेळी, त्याच खोलीत, त्याच बगळ्यापुढे बसून आल्फ्रेड सिस्लीदेखील आपले चित्र रंगवत होता. तो या चित्रात दिसत नाही, पण बाझीयच्या चित्रासोबत त्याचा बगळाही टिकला असल्यामुळे तो तिथे होता हे आपल्याला कळते. म्हणजे रेन्वारने रंगवलेल्या खोलीत बाझीय बसला आहे, मोने भिंतीवर आहे आणि सिस्ली चौकटीबाहेर. पुढे ज्यांना इम्प्रेशनिस्ट, म्हणजे क्षणाचा प्रकाश आणि रंग टिपणारे चित्रकार, म्हटले गेले त्यांच्या मूळ चौकडीचे यापेक्षा नेटके संमेलन दुसऱ्या कुठल्या चित्रात मला आढळलेले नाही, आणि विशेष म्हणजे ते संमेलन म्हणून रंगवलेलेच नाही.

या चौघांची ओळख 1862 च्या सुमारास शार्ल ग्लेर या स्विस चित्रकाराच्या स्टुडिओत झाली. ग्लेर विद्यार्थ्यांकडून शिकवणीची फी घेत नसे. जागेचे भाडे आणि मॉडेलचा खर्च तेवढा विद्यार्थ्यांनी वाटून घ्यायचा. रेन्वार शिंप्याचा मुलगा. लिमोझमध्ये जन्मलेला, पॅरिसमध्ये वाढलेला आणि पोरवयापासून चिनी मातीच्या भांड्यांवर फुले रंगवून पैसे मिळवणारा. बाझीयचे सगळे याच्या उलट. त्याचा जन्म 6 डिसेंबर 1841 रोजी दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए येथे एका सधन प्रोटेस्टंट कुटुंबात झाला. वडील गास्तों बाझीय द्राक्षशेतीतले जाणकार आणि आपल्या भागातले वजनदार गृहस्थ होते. मुलाने डॉक्टर व्हावे ही घरची इच्छा. म्हणून पॅरिसला जाऊन वैद्यकाचे शिक्षण घ्यायचे आणि सोबत चित्रकला शिकायची, अशी तडजोड ठरली होती. 1864 मध्ये तो वैद्यकाच्या परीक्षेत नापास झाला, आणि त्यानंतर घरच्यांनी त्याला पूर्णवेळ चित्रकार होऊ दिले. श्रीमंत घरातल्या मुलाला मिळालेली ही सवलत होती यात शंका नाही, परंतु त्या सवलतीचा लाभ त्याच्याइतकाच इतर तिघांना झाला.

वैद्यकाचे ते अर्धवट शिक्षण मात्र वाया गेले नाही. 1865 मध्ये फोंतेनब्लोच्या जंगलाजवळ शायी या गावी मोने एक प्रचंड चित्र रंगवण्याच्या खटपटीत असताना त्याच्या पायाला दुखापत झाली आणि तो खानावळीतल्या पलंगावर अडकून पडला. त्या चित्रासाठी मॉडेल म्हणून उभा राहायला आलेल्या बाझीयने मित्राच्या पायावर थंड पाण्याची धार धरण्यासाठी वर भांडे टांगून एक जुगाड केले, आणि मग हाताशी रुग्ण आयताच स्थिर सापडला आहे म्हणून त्याचे चित्रही काढले. तेही ओर्सेत आहे. चित्रकाराने चित्रकाराचे काढलेले हे आणखी एक व्यक्तिचित्र, आणि त्यातही मॉडेलला पैसे देण्याचा प्रश्न आला नाही.

हा पैशांचा प्रश्न या साऱ्या चित्रांच्या मुळाशी आहे, तरीही कलेच्या इतिहासात त्याला दुय्यम जागा मिळते. मॉडेलला तासांच्या हिशेबाने पैसे द्यावे लागत. खोली गरम ठेवण्यासाठी कोळसा लागे, कारण हिवाळ्यात उघड्या अंगाने बसणाऱ्या मॉडेलला गारठवून चालत नसे. रंग, कॅनव्हास, चौकटी यांचा खर्च वेगळाच. कॅनव्हासची चणचण अशी की जुने चित्र खरवडून किंवा तसेच झाकून त्यावर नवे रंगवणे सर्रास चाले. बाझीयच्या ‘रूथ आणि बोआझ’ या अखेरच्या काळातल्या चित्राच्या क्ष-किरण तपासणीत, 1866 च्या सालोंने, म्हणजे सरकारी छत्राखालील वार्षिक प्रदर्शनाने, नाकारलेले त्याचे पियानो वाजवणाऱ्या मुलीचे चित्र खाली दडलेले आढळले. बाझीयसारख्या सुखवस्तू घरातल्या माणसाची ही गत, तर रेन्वारची काय असेल याची कल्पना करावी. मित्राचे चित्र काढणे हा अशा परिस्थितीत जिव्हाळ्याचा भाग होताच, पण त्याआधी तो हिशेबाचा भाग होता.

1866 च्या उन्हाळ्यात बाझीयने सेन नदीच्या डाव्या तीरावर, 20 र्‍यू व्हिस्कोंती येथे स्टुडिओ घेतला. हा रस्ता म्हणजे खरे तर एक अरुंद बोळ. कादंबरीकार बाल्झाकचा तोट्यात गेलेला छापखाना एकेकाळी याच बोळात, 17 क्रमांकाच्या घरात होता. बाझीयकडे रेन्वार राहायला आला. त्याविषयी बाझीयने घरी जे कळवले त्याचा आशय असा, की ग्लेरकडचा एक जुना सहाध्यायी सध्या माझ्याकडे उतरला आहे, त्याला स्वतःचा स्टुडिओ नाही. तो फार मेहनती आहे, माझ्या मॉडेलचा तोही उपयोग करून घेतो आणि त्यांच्या खर्चाचा काही भागसुद्धा उचलतो. हे पत्र आईवडिलांना लिहिलेले आहे हे लक्षात घेतले की त्यातला सूर ओळखीचा वाटतो. पैसे तुम्ही पाठवता, पण ते वाया जात नाहीत, उलट थोडी बचतच होते, असे पटवून देण्याची मुलाची धडपड त्यात दिसते. 1867 च्या सुरुवातीस मोनेही आपले कॅनव्हास घेऊन तिथे येऊन थडकला. तेव्हा आपला स्टुडिओ म्हणजे जणू इस्पितळच झाले आहे, अशी थट्टा बाझीयने केली. पण जागा पुरेशी आहे आणि दोघेही मजेत आहेत, हेही लिहिले.

या खोलीचे चित्र स्वतः बाझीयनेही काढले होते आणि ते आता अमेरिकेत, व्हर्जिनियाच्या कलासंग्रहालयात आहे. त्यात माणूस नाही. बाझीयच्या रिकाम्या स्टुडिओपेक्षा रेन्वारने रंगवलेला त्याचा भरलेला कोपरा मला अधिक बोलका वाटतो.

आता बगळ्याकडे वळतो. मारलेल्या पक्ष्यांचे स्थिरचित्र हा युरोपीय चित्रकलेतला जुना, ठरीव विषय; सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी आणि अठराव्या शतकात शार्दँने तो परिपूर्णतेला नेला होता. विकत घेणारा गिऱ्हाईकही या विषयाला बिचकत नसे. तरुण चित्रकाराच्या दृष्टीने त्याची सोय अशी, की मेलेला पक्षी पैसे मागत नाही आणि हलत नाही. गैरसोय अशी, की तो फार दिवस ठेवता येत नाही. म्हणून एकाच पक्ष्यावर शक्य तेवढ्या चित्रकारांनी एकाच वेळी बसून काम उरकणे शहाणपणाचे ठरते. बाझीय आणि सिस्ली यांनी तेच केले. बाझीयचे चित्र उभे आहे, सिस्लीचे आडवे. दोघांच्याही चित्रांत राखी बगळ्याचे पंख पसरलेले आहेत, पांढरे कापड आहे, आणि शेजारी इतर मारलेले पक्षी आहेत.

आपल्याकडे इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला हा प्रकार ठाऊक असेल: मधोमध टेबलावर तांब्या, फळे आणि चुरगळलेले कापड मांडलेले, भोवती गोलाकार बसलेली मुले, आणि शेवटी शेजारीशेजारी बसलेल्या दोघांच्या कागदांवर दोन निराळे तांब्ये. र्‍यू व्हिस्कोंतीवरही तसेच झाले, एवढाच फरक की तिथे एक तिसरा मुलगा मागे सरकून बसला आणि त्याने टेबलावरच्या वस्तूंऐवजी परीक्षार्थ्यालाच रंगवायला घेतले. रेन्वारला बगळ्यात रस नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. बाझीयच्या कॅनव्हासवर तो ओळखू येईल इतपत त्याने रंगवला आहे. म्हणजे रेन्वारने बाझीयने रंगवलेला बगळा रंगवला, आणि मोनेने रंगवलेले बर्फही. दुसऱ्याच्या हातचे काम आपल्या हाताने पुन्हा काढताना चित्रकार नुसते पाहत नाही. मित्राने कुठे ब्रश जाड फिरवला, कुठे रंग पातळ ठेवला, हे त्याला स्वतःच्या मनगटातून समजून घ्यावे लागते. त्या वर्षी या चौघांच्या शैली एकमेकांच्या इतक्या जवळ का दिसतात, याचे एक उत्तर मला इथे सापडते.

रेन्वारच्या चित्रातली बाझीयची बसण्याची तऱ्हा मला फार आवडते, आणि ती खुशामतीची नाही. बाझीय विलक्षण उंच होता. त्याच्या मित्रांनी काढलेल्या प्रत्येक चित्रात ती उंची लक्षात येते. असा उंच माणूस उभा दाखवला तर आपोआप रुबाबदार दिसतो. रेन्वारने त्याला बसवले, दुमडले, खांदे आत घ्यायला लावले. त्यामुळे रुबाब गेला आणि कष्ट दिसू लागले. बाझीय हा सहज रंगवणारा चित्रकार नव्हता. त्याची चित्रे विचारपूर्वक, हळूहळू, पुन्हा पुन्हा दुरुस्त्या करीत तयार होत, आणि कधीकधी त्यांत एक ताठरपणा राहून जाई. रेन्वारचा हात याच्या नेमका उलट, चपळ. चपळ हाताच्या माणसाने सावकाश हाताच्या माणसाला काम करताना पाहिले, आणि त्या सावकाशपणाची टिंगल न करता तो शरीराच्या वाकण्यात पकडला. व्यक्तिचित्राने माणसाचा स्वभाव दाखवावा अशी आपली अपेक्षा असते. तो इथे पाठीच्या कण्यातून दिसतो.

त्याच वर्षी बाझीयनेही रेन्वारचे व्यक्तिचित्र काढले. ते आकाराने लहान आहे. त्यात रेन्वार खुर्चीवर दोन्ही पाय वर घेऊन, गुडघ्यांभोवती हात गुंफून बसला आहे, आणि अशा वेळी साध्या माणसाची जी निवांत, किंचित बेचैन बैठक असते तशीच ती आहे. दोन्ही चित्रे मनात शेजारी ठेवून पाहिली तर एक मजा होते. पाहुणा निवांत बसला आहे आणि घरमालक राबतो आहे. अर्थात त्या वेळी पाहुण्याला चित्रासाठी बसायचे होते आणि यजमानाला रंगवायचे होते, त्यामुळे यातून जास्त अर्थ काढू नये. तरीही हा योगायोग मला सोडवत नाही.

रेन्वारच्या या चित्रावर एद्वार माने या वयाने थोड्या मोठ्या चित्रकाराची (मोने वेगळा) छाप आहे, हे करड्या रंगांच्या हाताळणीवरून माझ्या मते उघड दिसते. मोठमोठी, फारशी न घोटलेली रंगक्षेत्रे, छायेच्या पायऱ्या कमी करून प्रकाश आणि सावली यांची थेट गाठ, काळ्या-करड्यावरचा विश्वास, हे सारे मानेकडून आलेले आहे. 1867 मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले होते आणि त्याच्या निवड समितीवर विश्वास नसल्याने मानेने पों द लाल्मा या पुलाजवळ स्वतःच्या खर्चाने मंडप उभारून आपली सुमारे 50 चित्रे एकत्र मांडली होती. तरुण चित्रकारांना मानेचे इतके काम एका जागी पाहण्याची ती पहिलीच संधी होती. पुढे हेच चित्र स्वतः मानेच्या मालकीचे झाले. आपल्या शिकवणीचा इतका सच्चा पडसाद कोणत्याही चित्रकाराला हवासा वाटला असता.

त्या वर्षीच्या सालोंमध्ये बाझीय, रेन्वार, मोने आणि सिस्ली यांची चित्रे नाकारली गेली. तेव्हा बाझीयने घरी लिहिलेल्या पत्रात एक बेत सांगितला आहे: काही तरुणांनी मिळून दरवर्षी एक मोठा स्टुडिओ भाड्याने घ्यायचा आणि आपल्याला हवी तेवढी चित्रे स्वतःच मांडायची. वर्गणी गोळा केली, ती सुमारे 2,500 फ्रँक भरली, आणि तेवढ्यात काम भागणार नाही हे कळल्यावर बेत बारगळला. असे पहिले प्रदर्शन प्रत्यक्षात भरायला 1874 उजाडले. म्हणजे इम्प्रेशनिस्टांच्या स्वतंत्र प्रदर्शनाची कल्पना सात वर्षे आधी ज्या खोलीत बोलली जात होती, ती हीच बगळ्याची खोली. इतिहासात या कल्पनेचे श्रेय मोने, पिसारो आणि देगा यांच्याकडे जाते, आणि अंमलबजावणीच्या दृष्टीने ते रास्तही आहे. पण ही योजना लिखित स्वरूपात इतक्या स्पष्टपणे मांडणाऱ्यांमध्ये बाझीयचे नाव आधी घ्यायला हवे.

बाझीय दिसतो असे आणखी एक प्रसिद्ध चित्र म्हणजे आंरी फांतां-लातूरने 1870 मध्ये रंगवलेला पॅरिसच्या बातिन्योल भागातला स्टुडिओ. दोन मीटरहून उंच आणि त्याहूनही रुंद अशा त्या कॅनव्हासवर माने ईझलपुढे बसला आहे आणि भोवती त्याचे चाहते, चित्रकार व लेखक, काळ्या कोटांत अदबीने उभे आहेत. रेन्वार आहे, एमिल झोला आहे, उंच बाझीय आहे, आणि त्याच्यामागे जेमतेम डोके दिसणारा मोने आहे. फांतां-लातूरचा हेतू चांगला होता. लोक ज्यांना वेडगळ समजत होते, ते किती सभ्य आणि गंभीर आहेत हे त्याला दाखवायचे होते. परंतु त्यामुळे ते चित्र एखाद्या संस्थेच्या कार्यकारिणीच्या छायाचित्रासारखे झाले आहे. कोट आहेत, काम नाही. त्याच वर्षी बाझीयनेही आपला बातिन्योलमधला स्टुडिओ रंगवला, आणि त्यातली स्वतःची उंच आकृती मात्र त्याच्याऐवजी मानेने येऊन रंगवली. बाझीयने ते पत्रात आनंदाने कळवले आहे. अशा वेळी कोणी कोणाचे चित्र काढले हा प्रश्नच थोडा धूसर होतो.

मग युद्ध आले. जुलै 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध जाहीर झाले. मोने लंडनला गेला, रेन्वार घोडदळात भरती झाला आणि तिथे गंभीर आजारी पडला. बाझीय ऑगस्टमध्ये स्वतःहून झुआव्ह या फ्रेंच पायदळाच्या पलटणीत दाखल झाला. 28 नोव्हेंबर 1870 रोजी बोन-ला-रोलांद येथील लढाईत तो मारला गेला. एकोणतिसावा वाढदिवस आठ दिवसांवर होता. युद्ध चालू असतानाच गास्तों बाझीय रणभूमीवर जाऊन पोहोचले, मुलाचा मृतदेह शोधून काढला आणि तो माँपेलिएला नेऊन दफन केला.

बाझीयविषयी लिहिणारे बहुतेक जण या मृत्यूपासून मागे येतात आणि मग रेन्वारच्या चित्रातल्या करड्या रंगांत, मेलेल्या बगळ्यात, बर्फात त्यांना अशुभाची चाहूल लागते. मला हे पटत नाही. 1867 मधला करडा रंग हा मानेच्या अभ्यासातून आलेला करडा आहे, बगळा बाजारातल्या किंवा शिकारीतल्या कोणत्याही पक्ष्याइतकाच मेलेला आहे, आणि बर्फ नॉर्मंडीचे आहे. चित्रात बसलेल्या माणसाला काळजी आहे ती पिसांचा राखी रंग पांढऱ्या कापडावर उठून कसा दिसेल याची. त्याला ती काळजी निवांतपणे करू द्यावी.

मुलाच्या मृत्यूनंतर मात्र हे चित्र बापाला वेगळे दिसणे साहजिक होते. एप्रिल 1876 मध्ये चित्रविक्रेता द्युरां-र्‍युएलच्या दालनात इम्प्रेशनिस्टांचे दुसरे प्रदर्शन भरले, तेव्हा रेन्वारच्या चित्रांत हे व्यक्तिचित्रही होते, मानेकडून उसने आणलेले. बोन-ला-रोलांद येथे मारला गेलेला चित्रकार असा बाझीयचा उल्लेख कॅटलॉगमध्ये होता. गास्तों बाझीय यांना ते हवे झाले. त्यांच्याकडे मोबदला म्हणून द्यायला जी वस्तू होती तीही या गोष्टीतलीच आहे: मोनेचे ‘बागेतल्या स्त्रिया’ हे अडीच मीटरहून उंच चित्र. 1867 च्या सालोंने ते नाकारल्यावर हताश झालेल्या मोनेला आधार म्हणून बाझीयने ते 2,500 फ्रँकना विकत घेतले होते, आणि एकरकमी पैसे नसल्याने दरमहा 50 फ्रँकच्या हप्त्यांनी. या हिशेबाने फेड 50 महिने चालायची. हप्ता उशिरा आला की मोने अत्यंत टोचरी पत्रे पाठवी. उपकारकर्त्याला देणेकऱ्याप्रमाणे वागवण्यात त्याचा हातखंडा होता. बाझीय चिडला असेलही, पण त्याने नाते तोडले नाही, आणि ऑगस्ट 1867 मध्ये जन्मलेल्या मोनेच्या मुलाचा, झाँचा, तो धर्मपिताही झाला.

अशा रीतीने मुलाने हप्त्याने घेतलेले मोनेचे भव्य चित्र वडिलांनी मानेला दिले आणि त्याच्या बदल्यात मुलाचे लहानसे व्यक्तिचित्र घेतले. आजच्या बाजारभावाने हा सौदा कसा ठरेल याची चर्चा निरर्थक आहे. आकार, महत्त्वाकांक्षा, चित्रकलेच्या इतिहासातले स्थान, या सर्व कसोट्यांवर मोनेचे चित्र वरचढ आहे, आणि तरीही गास्तों बाझीय यांचा व्यवहार मला बिनचूक वाटतो. पुढे ‘बागेतल्या स्त्रिया’ मानेकडून पुन्हा मोनेकडे आले, आणि 1921 मध्ये फ्रेंच सरकारने ते 2,00,000 फ्रँकना विकत घेतले. पहिल्या महायुद्धानंतर फ्रँकची किंमत फार घसरली होती हे मान्य करूनही, सरकारी सालोंने फुकट टांगायलाही नकार दिलेल्या चित्रासाठी सरकारनेच बाझीयच्या किमतीच्या 80 पट पैसे मोजावेत, यात म्हाताऱ्या मोनेला किती समाधान वाटले असेल याचा अंदाज त्याचा स्वभाव पाहता सहज येतो.

रेन्वारने काढलेले बाझीयचे चित्र कुटुंबातच राहिले. बाझीयचा धाकटा भाऊ मार्क याने ते मृत्युपत्राने राष्ट्राला दिले आणि 1924 मध्ये ते सरकारी संग्रहात दाखल झाले. त्यामुळे अदलाबदलीतली ती दोन्ही चित्रे आज ओर्सेच्या एकाच इमारतीत आहेत. दोन्ही बगळे मात्र बाझीयच्या गावी, माँपेलिएच्या फाब्र संग्रहालयात पाहायला मिळतात; सिस्लीचा बगळा ओर्सेच्या मालकीचा असून तिथे ठेव म्हणून दिलेला आहे. ज्यांना कधी तिकडे जाण्याचा योग येईल त्यांनी सिस्लीचा बगळा आधी पाहावा आणि बाझीयचा नंतर. सिस्ली मुळात निसर्गचित्रकार. त्याने पक्ष्याचा पंख मोकळ्या हाताने, ढगाच्या आकाराकडे पाहावे तसा पाहिला आहे, आणि चित्र देखणे झाले आहे. बाझीयच्या चित्रात ती सहजता नाही. तिथे प्रत्येक गोष्टीची जागा ठरवून दिलेली जाणवते, पण बगळ्याला वजन आहे, तो मेलेला आहे हे पटते, आणि पांढऱ्या कापडावरचा करडा रंग सिस्लीपेक्षा जास्त नेमका लागला आहे. माझे मत बाझीयच्या बगळ्याला.